दार म्हणजे नुसते कवाड नव्हे

शाळेच्या वार्षिकांकात सहलींची वर्णने, कविता, थोरांची चरित्रे आणि स्पर्धांचे निकाल असावयाचे. त्यांच्या शेजारी बिजागऱ्या, कुलुपे आणि कड्या यांवरचा लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. हा विषय सुताराचा, फार तर इमारत बांधणाऱ्या अभियंत्याचा. कलाशाखेची पदवी घेतलेल्या शिक्षकांनी त्यात लुडबुड का करावी, असेही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतकेच की, दाराची निवड ज्यांच्या हाती असते ते बहुधा त्या दाराआड बसत नाहीत, आणि जे बसतात त्यांना निवडीच्या वेळी कोणी विचारीत नाही. विद्यार्थी, त्यांचे पालक आणि आम्ही शिक्षक या दुसऱ्या वर्गातले आहोत. ज्यांचा जीव एखाद्या दारावर अवलंबून आहे, त्यांनी त्या दाराविषयी चार प्रश्न विचारण्याइतके ज्ञान मिळवावे, असे आमचे मत आहे.

घरी कोंकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्हां गोमंतकीयांना ‘दार’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच, आणि दाराची आमची कल्पनाही सारखीच. जुन्या घराचे दार म्हणजे जाड फळ्या, भक्कम कडी आणि रात्री आडवा घालावयाचा अडसर. चोराने बाहेर राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. अग्निरोधक दाराचे काम याहून अगदी निराळे आहे. आग आणि धूर यांना त्याने ठरावीक वेळ, म्हणजे अर्धा तास, एक तास किंवा दोन तास, एका बाजूस थोपवून धरावयाचे आणि माणसाला मात्र क्षणाचाही विलंब न लावता बाहेर जाऊ द्यावयाचे. धुराला बंद आणि माणसाला खुले अशी ही दुहेरी कामगिरी एकटे कवाड पार पाडू शकत नाही. ती पार पाडतात कवाड, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, मूठ, दार आपोआप मिटविणारा क्लोजर आणि कडेच्या पट्ट्या ही सगळी मंडळी मिळून. यांतील एक जरी विजोड निघाली, तरी बाकीच्यांचे गुण व्यर्थ जातात. या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच. पुढे त्याचा विस्तार आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक शाळेला असली दारे लागतात असे नाही. कौलारू छपराची, लांब ओसरीची, प्रत्येक वर्गातून थेट अंगणात पाऊल टाकता येईल अशी बैठी शाळा आपल्याकडे पुष्कळांनी पाहिली आहे. तिथे आग लागली तर मुले ओसरी ओलांडून मोकळ्या हवेत येतात. परंतु आता गावोगाव दोन-तीन मजली इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या पोटात जिना असतो, दोहों बाजूंस वर्ग असलेली बंदिस्त वाट असते, आणि वरच्या मजल्यावरील मुलांना उतरावयास तो जिनाच काय तो आधार असतो. आग लागली की धूर वर जातो, आणि वर जाण्यास त्याला जिन्यासारखी सोयीची वाट दुसरी नाही. म्हणजे माणसांना खाली आणणारी वाट हीच धुराला वर नेणारी चिमणी होते. अशा ठिकाणी जिन्याच्या तोंडाशी योग्य दार असणे आणि ते मिटलेले असणे, यावर सगळा खेळ अवलंबून असतो.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या नावाची शाळा होती. १ डिसेंबर १९५८ रोजी, शाळा सुटण्यास थोडाच अवकाश असताना, तिच्या एका जिन्याच्या पायथ्याशी कचऱ्याच्या पिंपात आग लागली. इमारत बाहेरून विटांची, पण आतून लाकडाची. खालच्या मजल्यावर त्या जिन्याच्या तोंडाशी दार होते आणि ते मिटलेले होते. वरच्या मजल्यावर तसे दार नव्हते. धूर आणि ज्वाळा खालचा मजला टाळून जिन्याने सरळ वर गेल्या आणि वरच्या वाटेत भरून राहिल्या. त्या दिवशी ९२ मुले आणि ३ शिक्षिका भगिनी यांचा अंत झाला. एकच शाळा, एकच जिना, एकच आग; एका मजल्यावर दार होते, दुसऱ्यावर नव्हते. दाराचे महत्त्व पटविण्यास याहून विदारक उदाहरण मिळणार नाही.

यावरून कोणी म्हणेल, ‘ठीक आहे, दार बसवू म्हणजे झाले.’ परंतु झाले असे होत नाही. ९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातील एका उंच इमारतीत खोली गरम ठेवण्याच्या विजेच्या यंत्रापासून आग लागली. आग प्रायः एका घरापुरती आणि त्याच्या बाहेरच्या वाटेपुरतीच राहिली. तरीही १७ माणसे दगावली, आणि त्यांत ८ मुले होती. ती आगीने नव्हे, धुराने गुदमरून गेली. त्या इमारतीत दारे होती; सोडल्यावर आपोआप मिटावयाची अशीच ती दारे होती. परंतु ज्या घरात आग लागली त्याचे दार माणसे बाहेर पडल्यावर मिटले नाही, आणि वरच्या मजल्यावरील जिन्याचे एक दारही उघडे राहिले. कवाडात काही उणे असल्याची वार्ता नाही. उणीव होती ती कवाडाला ओढून मिटविणाऱ्या त्या लहानशा साधनात. वरच्या मजल्यांवरील माणसांचे प्राण त्या साधनावर टांगलेले होते.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची कथा तर सर्वश्रुत आहे. १४ जून २०१७ च्या रात्री लागलेल्या त्या आगीत ७२ माणसे बळी पडली. आग भडकण्याचे मुख्य कारण इमारतीच्या बाहेरील आच्छादन हे होते, आणि त्याचा दोष दारांवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु चौकशीत दारांचीही हकीकत बाहेर आली. कित्येक घरांच्या दारांचे क्लोजर मोडलेले किंवा काढून टाकलेले होते, आणि त्यामुळे घरातला धूर जिन्याकडच्या जागेत शिरला. पोलिसांनी त्या इमारतीतले एक न जळालेले दार भट्टीत तपासून पाहिले. ते ३० मिनिटे टिकावयाचे होते. सुमारे १५ मिनिटांतच त्याने हात टेकले. कागदावर लिहिलेला अर्धा तास आणि प्रत्यक्षातला पाव तास यांमधील अंतरात किती माणसे जिना उतरू शकतात, याचा हिशेब वाचकांनी मनाशी करावा.

आता या दाराचे सोबती एकेक करून पाहू. पहिली बिजागरी. अग्निरोधक दाराची परीक्षा मोठ्या भट्टीच्या तोंडाशी होते. दार चौकटीसह, बिजागऱ्यांसह, कुलपासह तेथे बसवितात आणि ठरलेल्या क्रमाने उष्णता वाढवीत नेतात. दहा मिनिटांतच भट्टीचे तापमान ६६० अंश सेल्सियसच्या पलीकडे जाते, आणि अर्ध्या तासाला ते ८४० अंशांच्या आसपास असते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, जस्त तर ४२० अंशांनाच. म्हणजे दिसावयास देखणी, गंज न चढणारी आणि स्वस्त म्हणून ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या ओतकामाची बिजागरी लावली, तर कवाड कितीही भारी असो, ऐन वेळी ते चौकटीतून निखळण्याचा संभव आहे. पोलाद सुमारे १४०० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ते येथे उपयोगी पडते. परंतु धातू योग्य असूनही भागत नाही. या दारांचे वजन साध्या दाराहून पुष्कळ अधिक असते. बिजागऱ्या किती, किती अंतरावर, आणि त्यांचे स्क्रू लाकडात किती खोल, हे सर्व परीक्षेच्या वेळी होते तसेच असावे लागते. तीन बिजागऱ्यांवर उत्तीर्ण झालेले दार दोन बिजागऱ्यांवर टांगणे म्हणजे एकाने दिलेल्या परीक्षेचे प्रमाणपत्र दुसऱ्याने मिरविण्यासारखे आहे.

दुसरे कुलूप. लाकडी कवाडात कुलूप बसवावयाचे म्हणजे कवाड कोरून जागा करावी लागते. जेवढे लाकूड कोरले तेवढा आगीला रोखणारा पदार्थ कमी झाला. परीक्षेत लहान पेटीचे कुलूप होते आणि दुकानात ते मिळाले नाही म्हणून सुताराने मोठ्या पेटीचे बसविले, तर त्या ठिकाणी कवाडाच्या दोहों बाजूंस लाकडाचा पातळ पापुद्रा तेवढा उरतो. आग बरोबर तेथूनच वाट काढते. धातूचे आणखी एक लक्षण असे की, तो उष्णता झटकन आत नेतो. म्हणून कुलपाच्या पेटीभोवती आणि बिजागरीच्या पट्टीखाली उष्णतेने फुगणाऱ्या पदार्थाचा पातळ थर घालतात. हा थर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो वगळला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लोखंडी दारावर परीक्षा दिलेले कुलूप लाकडी दारावरही उत्तीर्ण होईल, असे मानता येत नाही. दोन्ही दारे आगीत निराळ्या रीतीने वागतात. ‘कुलूप अग्निरोधक आहे’ असे दुकानदाराने सांगितले की आपण लागलीच विचारले पाहिजे, ‘कोणत्या दारावर?’

तिसरी ती कडेची पट्टी. कवाड आणि चौकट यांमध्ये साधारण ३ मिलिमीटरची फट ठेवावी लागते. नाहीतर दार हलणारच नाही. ही फट बुजविण्यासाठी कडेला जी पट्टी बसवितात ती साधारणपणे २०० अंशांच्या आसपास तापली की फुगते आणि फट बंद करते. परंतु धूर त्याआधीच, थंड असतानाच, येऊ लागतो. त्यासाठी केसाळ ब्रशासारखी किंवा रबराची दुसरी पट्टी लागते. आता गंमत अशी की, ही धूर अडविणारी पट्टी चौकटीला घासते. मागाहून कोणी उत्साहाने ती बसविली आणि जुना क्लोजर तसाच ठेवला, तर तो बिचारा दार शेवटच्या बोटभर अंतरातून आत ओढू शकत नाही. दार मिटल्यासारखे दिसते, पण खिटी आपल्या खाचेत पडत नाही. चांगल्या हेतूने जोडलेली वस्तू दुसरीला निकामी करते, ती अशी.

क्लोजरविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण शाळेत त्याचा संबंध लहान मुलांशी येतो. युरोपीय मानकात क्लोजरची ताकद १ ते ७ या आकड्यांनी सांगतात, आणि अग्निरोधक दारास ३ पेक्षा कमी ताकदीचा क्लोजर चालत नाही. ३ क्रमांकाचा क्लोजर साधारण ९५० मिलिमीटर रुंद आणि ६० किलो वजनाच्या कवाडापर्यंत पुरतो. त्याहून रुंद किंवा जड कवाडाला अधिक ताकदीचा लागतो. कमी ताकदीचा घेतला तर दार मिटत नाही. वाजवीपेक्षा जास्त ताकदीचा घेतला तर पहिलीतल्या मुलाला ते ढकलता येत नाही. मग शिपाई कंटाळून दाराखाली पाचर ठोकतो, आणि सगळा खर्च मातीमोल होतो. म्हणून निवड करताना दाराचे मोजमाप घेतले तसे दार उघडणाऱ्या हातांचेही मोजमाप मनात घेतले पाहिजे. दुपाखी दार असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. ज्या पाखाची कड दुसऱ्याखाली बसते ते पाख आधी मिटले पाहिजे. हा क्रम राखणारे साधन वर बसविलेले नसेल, तर दोन्ही पाखे एकमेकांना अडवून अर्धवट उघडी राहतात.

आता खटका आणि कडी यांच्याकडे वळू. कारण दाराने माणसाला बाहेर जाऊ देणे ही त्याच्या कामगिरीची दुसरी बाजू आहे. इंग्लंडमधील संडरलँड गावी १६ जून १८८३ रोजी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी करमणुकीचा कार्यक्रम होता. शेवटी खाली बक्षिसे वाटतात असे ऐकून वरच्या सज्जातली मुले जिन्याने धावली. जिन्याच्या पायथ्याचे दार आतल्या बाजूस उघडणारे होते, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढे किलकिले ठेवून त्याला खिटी घातलेली होती. मागच्या मुलांना पुढचे काही दिसत नव्हते. आग नाही, धूर नाही. केवळ एका खिटीमुळे १८३ मुले चेंगरून गेली. त्यानंतर काही वर्षांनी, १८९२ मध्ये, ब्रिग्ज नावाच्या गृहस्थाने अंगाचा नुसता भार पडताच सुटणाऱ्या खटक्याचे पेटंट घेतले. आज ज्याला पॅनिक बार म्हणतात, त्या आडव्या दांडीच्या घराण्यातलाच तो.

या दांडीच्या बाबतीतही जोड जुळावी लागते. साध्या बाहेरच्या दारासाठी असलेल्या काही दांड्यांमध्ये खटका आत ओढून तसाच अडकवून ठेवण्याची सोय असते, म्हणजे दिवसभर दार नुसते ढकलले की उघडते. अग्निरोधक दारावर मात्र असली सोय चालत नाही. कारण खटका आत असेल तर आगीच्या दाबाने दार उघडते. दिसावयास दोन्ही दांड्या सारख्या, किमतीतही फार अंतर नाही, पण एक येथे योग्य आणि दुसरी घातक.

एका संस्थेच्या नव्या इमारतीत आम्ही जे पाहिले ते येथे सांगावेसे वाटते. जिन्याचे दार उत्तम होते. त्याच्या कडेला परीक्षेची पाटीही होती. परंतु उद्घाटनानंतर कोणाच्या तरी सूचनेवरून त्याला वर आणि खाली टॉवर बोल्ट ठोकले गेले, मध्यभागी कडी-कोयंडा बसवून कुलूप घातले गेले. आणि दिवसा वारा यावा म्हणून क्लोजरचा दांडा सोडवून दार जांभ्याच्या चिऱ्याला टेकवून ठेवले गेले. रात्री ते माणसाला बंद आणि दिवसा धुराला खुले, अशी त्या दाराची अवस्था झाली. ते दार महाग होते, प्रमाणित होते, नवे होते. फक्त अग्निरोधक उरले नव्हते.

यावर आक्षेप घेतले जातात ते आम्हांस ठाऊक आहेत, आणि ते घेणारे लोक वाईट नसतात. पहिला आक्षेप चोरीचा. प्रयोगशाळेतले साहित्य, संगणक, सुटीतली सुनी इमारत. कुलूप नको म्हणून कसे चालेल? याचे उत्तर असे की, बाहेरून आत येताना किल्ली लागावी आणि आतून बाहेर जाताना लागू नये, अशी कुलुपे मिळतात. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचेही म्हणणे हेच आहे की, बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. चोराला अडविण्यासाठी मुलांना कोंडण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप हवेचा. कोकणपट्टीच्या दमट उन्हाळ्यात दारे मिटून बसणे म्हणजे शिक्षाच, हे आम्हीही अनुभवतो. यालाही तोड आहे. विद्युतचुंबकाने दार उघडे धरून ठेवावयाचे, आणि आगीची घंटा वाजताच किंवा वीज जाताच चुंबकाने ते सोडून द्यावयाचे, अशी योजना असते. मात्र तो चुंबक घंटेच्या तारेशी जोडलेला असला पाहिजे आणि दाराला क्लोजर असलाच पाहिजे. चिरा, वीट, पाचर आणि सुतळी यांना घंटा ऐकू येत नाही.

तिसरा आक्षेप आमच्या हवामानाचा, आणि तो आक्षेपापेक्षा इशारा म्हणूनच आम्ही घेतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, दार चौकटीत अडकते. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजतात. मग सुताराला बोलावून कड तासून घेतात, आणि पावसाळा सरला की तीच फट दुप्पट होते. गंजलेली बिजागरी काढून बाजारात मिळेल ती लावतात. दर दुरुस्तीबरोबर दार आपल्या मूळ परीक्षेपासून थोडे थोडे दूर जाते. म्हणून समुद्रकाठच्या शाळांनी खरेदी करतानाच न गंजणाऱ्या पोलादाचे सामान मागावे, आणि ते सामान त्याच दारावर तपासलेले आहे ना, हे विचारावे. दुरुस्तीच्या वेळी जुन्याच जातीचा भाग मिळवावा. न मिळाल्यास बनविणाऱ्याकडून त्याला चालणाऱ्या पर्यायाचे लेखी उत्तर घ्यावे.

चौथा आक्षेप पैशाचा. आमच्या बहुतेक संस्था देणगीवर आणि अनुदानावर चालतात, प्रत्येक रुपयाचा हिशेब द्यावा लागतो, आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण मानले जाते. तसे ते आहेही. पण निविदा काढण्याची रीत तपासली पाहिजे. कवाडे एकाकडून, चौकटी दुसऱ्याकडून, ‘हार्डवेअर’ या एका शब्दाखाली बिजागऱ्या-कुलुपे तिसऱ्याकडून, आणि बसविणारा चौथाच, अशी वाटणी केली की प्रत्येकाचा दर कमी दिसतो. परंतु या चौघांच्या वस्तू एकत्र कधीच भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या नसतात. उत्तम गायक, उत्तम तबलजी आणि उत्तम पेटीवाला बोलावले, आणि तबला भलत्याच सुरात लावलेला असला, तर मैफलीचे काय होते ते आम्हां गोमंतकीयांना सांगावयास नको. तेथे फार तर श्रोते उठून जातात. येथे उठून जाण्याची वाटच बंद होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, शाळेने दार विकत घेऊ नये. संपूर्ण संच विकत घ्यावा. कवाड, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, क्लोजर, पट्ट्या आणि काच असेल तर काचही, हे सर्व ज्या एकाच परीक्षेच्या अहवालात नोंदलेले आहे, तो अहवाल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भारतीय मानक ३६१४ याची २०२१ ची आवृत्ती अग्निरोधक दारांचा विचार संच म्हणूनच करते. त्याचा उल्लेख निविदेतच करावा. बसविणाऱ्याने अहवालाबाहेरचा एकही भाग लावला नाही, हे अभियंत्याने पाहून सही करावी. आणि इमारत पूर्ण झाल्यावर त्या दाराला भोक पाडण्याचा, बोल्ट ठोकण्याचा किंवा फट तासण्याचा अधिकार मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणासही नसावा.

एवढे करून भागणार नाही. दार हे रोज वापरले जाते, आणि रोज झिजते. ग्रेनफेलच्या अनुभवानंतर इंग्लंडमध्ये जे नियम जानेवारी २०२३ पासून अंमलात आले, त्यांनुसार ११ मीटरहून उंच राहत्या इमारतींतील सामाईक वाटांवरची दारे दर तीन महिन्यांनी तपासावी लागतात. आपण तसा कायदा होण्याची वाट कशाला पाहावी? १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून ९४ बालके गेली. तेथे गवताचे छप्पर, अरुंद जिना अशी कारणे निराळी होती. परंतु त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या प्रकरणात २००९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, सुरक्षित शाळेत शिकावयास मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. आणि २०२५ च्या डिसेंबरात आमच्याच हडफडे येथे रात्रीच्या एका करमणूकगृहात २५ माणसे आगीत दगावली. त्यांत बहुतेक तेथे राबणारी, दूरदूरच्या गावांहून पोटासाठी आलेली माणसे होती. आग ही दूरच्या देशातली गोष्ट आहे, असे म्हणण्याची सोय आम्हांस आता राहिलेली नाही.

विद्यार्थिमित्रांनो, या कामी तुमचाही वाटा आहे, आणि तो सोपा आहे. महिन्यातून एकदा वरच्या वर्गातील दोघांनी शिक्षकांसह जिन्याच्या प्रत्येक दाराशी जावे. दार पूर्ण उघडून सोडावे आणि पाहावे. मग हातभर उघडून सोडावे आणि पाहावे. दोन्ही वेळा ते आपोआप मिटून खिटी खाचेत पडली पाहिजे. बिजागऱ्यांचे स्क्रू सगळे आहेत का, त्यांवर गंज किंवा तेलाचे ओघळ आहेत का, क्लोजरमधून तेल गळते का, पट्टी कोठे फाटली किंवा रंगाने माखली आहे का, हे पाहावे. सर्वांत धाकट्या वर्गातील एका मुलाला दार ढकलावयास सांगावे. दाराखाली पाचर किंवा दगड आढळला तर उचलून बाजूला ठेवावा. जे आढळेल ते वहीत तारखेसह लिहावे आणि मुख्याध्यापकांची सही घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. त्या वहीत तीन महिने एकच तक्रार दिसली, तर संस्थेच्या चालकांना ती टाळता येणार नाही. कारण लिहिलेल्या गोष्टीला उत्तर द्यावे लागते.

पालकांस आमची विनंती अशी की, नव्या इमारतीसाठी देणगी देताना कोनशिलेवरील नावाबरोबर जिन्याच्या दारांचा अहवालही पाहावयास मागावा. संस्थाचालकांस विनंती अशी की, तो मागितला गेल्यास राग मानू नये. आणि आमच्या सहशिक्षकांस विनंती अशी की, मुलांना गप्प बसविण्यासाठी किंवा उशिरा येणाऱ्यास अडविण्यासाठी वर्गाला किंवा जिन्याला बाहेरून कडी घालण्याची जी सवय काही ठिकाणी अद्याप आहे, ती आजपासून सोडावी.

चांगले दार बहुधा वर्षानुवर्षे काहीच करीत नाही. मुले त्यातून ये-जा करतात, ते उघडते, मिटते, आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्याची गरज पडू नये, हीच आपणां सर्वांची इच्छा. परंतु पडलीच, तर त्या दिवशी त्याचा पोलादाचा हरेक स्क्रू आपल्या जागी असला पाहिजे. आणि तो आहे की नाही, हे आजच पाहून ठेवता येते.